सासूबाईंच्या पत्राची आंबापोळी

रत्नागिरी,
वैशाख वद्य पंचमी, शके १८५५

तीर्थस्वरूप गं. भा. सासूबाई यांचे चरणी जावई हरिश्चंद्र याचा साष्टांग नमस्कार. आपल्या आशीर्वादाने मी आणि दोन्ही मुले खुशाल आहोत. आपले गुडघे, कमळाची तब्येत, नव्या बाळाचे पोट आणि आपल्या आळीतला गोवर (हा शेवटचा खुशाल नसावा अशी इच्छा) या सर्वांचे वर्तमान कळवीत जावे.

विशेष हे की, आपण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र आम्हांला अक्षय्यतृतीयेलाच पोचले. घरातल्या सगळ्यांनी ते मोठ्या आवडीने घेतले. प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे आले, आणि चि. बाबल्याने तर आणखी मागितले. इतके असूनही माझे उत्तर गेले नाही, म्हणून आपण पाटी-पेन्सिल फडताळात टाकलीत आणि "ज्याला लिहिलं त्याला दोन ओळी जड झाल्या, तर मी या वयात बोटं कशाला काळी करू?" असे म्हणून पुन्हा अक्षर काढायचे नाही असे ठरवलेत, हे कमळाच्या काल आलेल्या पत्रावरून कळले. सासूबाई, कृपा करून असे करू नये. पंचावन्नाव्या वर्षी, लेकीच्या बाळंतपणाच्या धांदलीत, दोन महिन्यांत जी बाई श्रीगणेशापासून पत्रापर्यंत येते, तिची पाटी माझ्यासारख्या गाढवापायी फडताळात जावी हे मला सहन होणार नाही. म्हणून झाले ते सगळे, काही न लपवता (निदान फारसे न लपवता), लिहितो. मध्येच राग आला तर घोटभर पाणी प्यावे आणि पुढे वाचावे, पण शेवटपर्यंत वाचावे.

आपल्याला ठाऊकच आहे की कमळा फाल्गुनात तिकडे आली तेव्हा मुलेही मागाहून यायची होती. तेवढ्यात आपल्याकडे गोवर निघाला आणि सगुणा व बाबल्या माझ्या पदरात राहिली. पुढे वैशाख लागला, कोर्टाला सुटी पडली, आणि दिवसभर घरात आम्ही तिघे समोरासमोर आलो. अठरा वर्षे कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाला पक्षकार सांभाळता येतात, साक्षीदार सांभाळता येतात, पण नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा दुपारी बारापासून चारपर्यंत उन्हात न सोडता कशी सांभाळावीत याचा कायदा कोठेच लिहिलेला नाही. कमळाने जाताना तीन गोष्टी बजावल्या होत्या. मुलांना उन्हात सोडू नये, बाजारच्या रंगीत गोळ्या देऊ नयेत, आणि घरातल्या घरात त्यांच्या हाताला काहीतरी काम द्यावे. मी लगेच एक वेळापत्रक सुवाच्य अक्षरांत लिहून पडवीत चिकटवले. सकाळी हस्तव्यवसाय, त्यानंतर पौष्टिक खाऊ तयार करणे, दुपारी अक्षरओळख, आणि मग विश्रांती. (विश्रांती माझ्यासाठी होती. ती अजून झालेली नाही.)

पहिल्या दिवशी पौष्टिक खाऊ म्हणून नाचणीचे लाडू करायचे ठरले. नाचणी हाडांना चांगली, असे आपण नेहमी म्हणता. मुलांना मी सांगितले की लाडू करणे म्हणजे पीठ, गूळ आणि तूप यांचा समेट घडवून आणणे. सगुणाने पीठ भाजले, बाबल्याने गूळ चिरला (अर्धा पातेल्यात, अर्धा स्वतःत), आणि वळायचे काम मी घेतले. सासूबाई, ते लाडू वळलेच गेले नाहीत. हातात असेपर्यंत लाडू असायचा, ताटात ठेवला की पुन्हा पीठ व्हायचा. तूप वाढवावे तर कमळाने वर्षाचे म्हणून ठेवलेल्या बरणीचा तळ दिसू लागला. शेवटी मी त्याला मोकळे लाडू असे नाव दिले आणि आम्ही तिघांनी ते वाटीत घेऊन चमच्याने खाल्ले. चव मात्र अशी सुरेख होती की बाबल्याने वाटी चाटून इतकी लख्ख केली की घासायची वेळ आली नाही. सगुणा म्हणाली, "बाबा, आईचे लाडू कसे गोल गप्प बसतात, आपले हसतायत." मला ते फारच पटले, आणि त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात कोणतीही गोष्ट बिघडली म्हणजे ती हसली असे म्हणायची पद्धत पडली आहे. आज सकाळी भात हसला होता.

हस्तव्यवसायासाठी मी आधी कागदाची फुले योजली होती, पण कात्री बाबल्याच्या हाती लागताच सगुणाच्या वेणीचे टोक गेले (अगदी थोडे, चार बोटे, आपण येईपर्यंत वाढेल). तेव्हा शेजारचे जैनुद्दीन तांडेल गडग्यापलीकडून म्हणाले, "भाऊ, माडाखाली बसून कागद कसला कापताय? पाती तोडा नि द्या पोरांना." हे जैनुद्दीनभाई तीस वर्षे गलबतावर होते. आता गुडघे कुरकुरतात म्हणून घरी असतात आणि आमच्या गडग्यावर हात टेकून आमचा संसार बघतात. त्यांनी एका झावळाची पाती सोलून दिली आणि बसल्या बसल्या साप, टोपी, भिरभिरे, मनगटी घड्याळ असे सगळे करून दाखवले. मी लहानपणी हे सर्व करीत असे. मात्र कोर्टाच्या कागदांत ते कुठे बुडून गेले होते कोण जाणे. पात गुंडाळून पिपाणी केली, टोक दातांनी चावले आणि फुंकले, तेव्हा तो पेंऽऽ असा आवाज निघाला आणि, सासूबाई, खोटे कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की मी अंगणात उडी मारली. धोतराचा सोगा झारीत अडकून झारी फुटली. पण मुले टाळ्या पिटत होती, आणि आपला बाप उडी मारू शकतो हे सगुणाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. संध्याकाळपर्यंत आम्ही सतरा पिपाण्या केल्या. दुसऱ्या दिवशी आळीतल्या साऱ्या पोरांजवळ एकेक झाली, आणि आता आमच्या आळीत दुपारची झोप कोणालाच लागत नाही. त्यामुळे माझ्या राहिलेल्या विश्रांतीची कोणी चौकशी करीत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. (पाण्याचा पेला जवळ ठेवावा.) अक्षय्यतृतीयेला पोस्टमन आला तेव्हा माझे दोन्ही हात रायवळ आंब्यांच्या रसात कोपरापर्यंत होते. आम्ही आंबापोळीचा घाट घातला होता. आंब्याइतके पौष्टिक दुसरे काय? शिवाय साखर घालायची गरज नाही, चूल पेटवायची गरज नाही, काम सगळे सूर्याने करायचे. सगुणाने पाकीट फोडून कमळाचे पत्र माझ्या डोळ्यांसमोर धरले. मी ते वरून खालपर्यंत वाचले आणि बाळ रात्री रडते, तूप जपून वापरावे इत्यादी मजकूर ध्यानात घेतला. पत्र उलटून पाहिले नाही. मागच्या बाजूला तिने "आईचे पत्र सोबत आहे, तिने सारे आपल्या हाताने लिहिले आहे, जपून ठेवा" असे लिहिले होते ते मला काल कळले. पाकिटातून दुसरा एक कागद खाली पडला होता. त्यावर मोठमोठी अक्षरे पाहून बाबल्याला वाटले की आईने आपल्यालाच कित्ता पाठवला. त्याने तो उचलला आणि अक्षरांवरून पेन्सिल फिरवीत बसला. दुपारी अक्षरओळखीच्या तासाला तो कागद माझ्यापुढे आला तेव्हा मला वाटले की ही बाबल्याचीच प्रगती. सासूबाई, मजकूर न वाचताच मी तांबडी पेन्सिल घेतली. "अक्षर गोल काढावे, ओळ सरळ ठेवावी, घाई करू नये" असा शेरा मारला आणि दहापैकी चार गुण दिले. (त्यातला एक चिकाटीबद्दल होता.)

एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण घरातल्या साऱ्या ताटांत आणि परातींत रस पसरून झाला, तरी पातेल्यात शेरभर उरला. जैनुद्दीनभाई गडग्यावरून ओरडले, "भाऊ, कागदाला लावू नका, धरून बसंल! पोफळीची विरी देतो, तिच्यावर घाला." ही विरी म्हणजे पोफळीच्या झावळाचा रुंद, गुळगुळीत देठ, तिच्यावर पोळी छान सुटते. पण ज्या माणसाचे पोट अठरा वर्षे कागदावर चालले त्याला कागदाविषयी कोणी दर्यावर्दी शिकवू लागला की अभिमान जागा होतो. मी म्हटले, कागदाला खोबरेल चोळले की झाले. आणि हाताशी आला तो कागद, म्हणजे आपले पत्र, खोबरेल चोळून त्यावर मी स्वतःच्या हाताने रस पसरला. चार दिवस तो उन्हात वाळला. कावळ्यांपासून राखायला बाबल्या पिपाणी घेऊन बसला होता.

पोळी सोलली तेव्हा कागदाचे तुकडे झाले, ते चुलीत गेले. पण शाई सगळी आंबापोळीवर उठली होती, उलटी. मी शरमलो नाही, उलट खूश झालो! मला वाटले, बाबल्याचे अक्षर पोळीवर उठले हे केवढे शिक्षणाचे साधन! खाऊचा खाऊ, विद्येची विद्या. मी नियम केला की रोज दुपारी बाबल्याने एकेक अक्षर ओळखावे आणि ओळखले की तेवढा तुकडा खावा. सासूबाई, जो मुलगा दोन महिने ग आणि म यांत भांडत होता तो आठ दिवसांत सगळी अक्षरे ओळखू लागला. सगुणाला जोडाक्षरे दिली. मीही परीक्षकाचा मान म्हणून मधून मधून एखादी वेलांटी घेतली. फक्त एक गोष्ट घडली. अक्षरे उलटी खाल्ल्यामुळे बाबल्या आता पाटीवर अक्षरे उलटी काढतो, आणि सुलटी दाखवली तर ती चुकलेली आहेत असे ठासून सांगतो. त्याला सरळ करायला पावसाळा जाईल.

काल कमळाचे दुसरे पत्र आले. आई रोज पोस्टमनची वाट बघत ओसरीवर बसते, आता तिने पाटी ठेवून दिली, तुम्हांला असे कसे करवले, असे तिने लिहिले होते. मी तिचे आधीचे पत्र शोधून काढले, उलटून पाहिले, आणि मागचा मजकूर वाचला. आम्ही तिघेही आंबापोळीच्या डब्याकडे धावलो. चार बोटे रुंदीचा एक कोपरा उरला होता. मी आरसा शोधू लागलो तर आरसा सगुणाने भिरभिऱ्याची चमक करायला म्हणून फोडलेला. जैनुद्दीनभाईंकडे आरसा मागायला गेलो, तेव्हा त्यांनी तो तुकडा हातात घेऊन डोळे बारीक केले आणि म्हणाले, "आरसा कशाला भाऊ? उजवीकडसून डावीकडं लिवलंय, आमच्यासारखंच. तुमची सासू शानी हाय." (त्यांना आमची अक्षरे येत नाहीत, पण दिशा पसंत पडली.) मग त्यांनी दाढीचा आरसा आणून धरला. त्यात एवढेच दिसले: "फार वाटते. येसू."

सासूबाई, अकरा वर्षे मी आपला जावई आहे. आपले नाव येसू आहे हे मला ठाऊक होते, पण ते मी कधी उच्चारले नाही आणि कोणी उच्चारलेले ऐकलेही नाही. आपण कमळाची आई, सखारामची आई, आमच्या सासूबाई. ती दोन अक्षरे आपण स्वतः काढली होती, य चे पोट जरा मोठे, सू जरा वर गेलेला, आणि मी त्यांना दहापैकी चार गुण दिले होते. मला रडू आले. जैनुद्दीनभाईंनी आरसा खाली घेतला. बाबल्याने विचारले, "आजीला काय फार वाटते?" मला सांगता आले नाही, कारण ते मी मंगळवारी खाल्ले होते.

तेव्हा आता आपल्या पायांवर डोके ठेवून मागणे एवढेच की अपराध माझा आहे, पाटीचा नाही. तिला फडताळातून बाहेर काढावे. तो कोपरा आम्ही खाल्लेला नाही. तो काचेच्या बरणीत ठेवून देवाच्या फळीवर ठेवला आहे, आणि मुंग्यांनी त्रास देऊ नये म्हणून बरणी पाण्याच्या परातीत ठेवली आहे. सगुणा व बाबल्या यांचे आपणांस शिरसाष्टांग नमस्कार. बाबल्याचा नमस्कार त्याने स्वतः लिहिला आहे, तो आरशात पाहावा. कमळास व बाळास अनेक आशीर्वाद. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही उरावा ही विनंती.

आपला अपराधी,
हरिश्चंद्र

ता. क. – आपण ते पत्र पुन्हा लिहून पाठवाल का? तेच शब्द आठवत नसतील तर दुसरे चालतील. "फार वाटते" याच्या आधीचे मात्र जरूर लिहावे, त्यावाचून मुलांना आणि मला चैन नाही. आधीचे चार गुण मी रद्द केले आहेत.

दुसरा ता. क. – एक लहानशी गोष्ट लिहायची राहिली. (खरे तर हे पत्र लिहायला बसलो ते याच गोष्टीसाठी, पण मधले सगळे मनापासूनच आहे.) गेली अकरा वर्षे मी आपल्याला जी पत्रे लिहिली ती सखाराम आपल्याला मोठ्याने वाचून दाखवीत असे. आमच्या दोघांत असा ठराव होता की मी कंसात जे लिहीन ते त्याने मनात वाचावे आणि पुढे जावे. मेहुण्या-मेहुण्यांची थट्टा, दुसरे काही नाही. ती पत्रे त्याच्या लाकडी पेटीत आहेत असे ऐकतो. आता आपल्याला वाचता येऊ लागले आहे, ही फार आनंदाची गोष्ट आहे, पण नव्या वाचकाने जुन्या, पिवळ्या कागदांवर डोळे शिणवू नयेत. विशेषतः सन एकोणतीसच्या दिवाळीनंतरचे, आपण मुलांच्या प्रकृतीसाठी मेथीचे लाडू पाठवले होते त्या सुमाराचे, पत्र उघडूच नये. तो कागद चांगला जाड आहे. आपल्याकडेही आंबे असतील. खोबरेल चोळून घ्यावे.

तिसरा ता. क. – पाकिटाला खळ लावीत होतो तोच पोस्टमन आला आणि आपले दुसरे पत्र मिळाले. या वेळी हात स्वच्छ धुऊन, पुसून, मग उघडले. मुलांना शेजारी बसवून मोठ्याने वाचले. आपणच लिहिले आहे तरी खाली उतरवून काढतो, कारण ते पुन्हा एकदा लिहावेसे वाटते:

"चि. हरिश्चंद्रपंत यांस आशीर्वाद. तुमचे उत्तर नाही. मी पाटी ठेवून दिली. मग दिवस सरेना. घरात वाचायला दुसरे काही नव्हते म्हणून सखारामच्या पेटीतली तुमची पत्रे काढली. अकरा वर्षांची सगळी वाचली. कंसातले आधी वाचले. मी दोन दिवस हसते आहे. मेथीचे लाडू कडू होते हे खरे आहे. मला पण आवडत नाहीत. कोणी बोलले नाही म्हणून दर वर्षी केले. सखाराम वाचायचा ती पत्रे कोण्या परक्याची वाटायची. ही तुमची वाटली. आता मला लिहाल ते कंसात लिहा. मागच्या पत्रात लिहिले तेच परत लिहिते, मुलांना बघावेसे फार वाटते. गोवर गेला. घेऊन या. येसू."

सासूबाई, आम्ही तिघे शुक्रवारच्या मोटारीने निघतो. वरचे सारे पत्र आता पाठवायची गरज उरली नाही, पण लिहायला दोन दिवस लागले आहेत म्हणून पाठवतो. हे आपले दुसरे पत्र मी कोर्टाच्या कागदांच्या पेटीत ठेवून कुलूप लावले आहे आणि किल्ली जैनुद्दीनभाईंकडे दिली आहे, कारण आंब्यांचे दिवस अजून संपलेले नाहीत आणि मला माझा भरवसा नाही.